बघूया साहेबांसाठी काही शब्द

३ मार्च, मंगळवार

परत हलवली! सकाळी म्हणाले, क्रेन फाटकाशी लावा. लावली. चारही पाय बाहेर काढले, पायांखाली फळ्या घातल्या, पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला. जेवून येतो तर आमचे इंजिनियर साहेब फरशीवर बुटाची टाच आपटत उभे. इथे आपट, तिथे आपट, कान देऊन ऐक — जसं काही कलिंगड विकत घेतायत! मग म्हणाले, "उस्ताद, इथे नको वाटतं. जरा मागे घ्यायची का?"

घ्यायची का! मला विचारतात! पगार कुणाला जास्त?

मागे घेतली. पाय, फळ्या, पाणसळ — सगळं पहिल्यापासून. चहाच्या वेळी पुन्हा हजर. "मागून बूम छतापर्यंत नीट पोचेल ना? शिवाय इकडे केबल आहेत. की फाटकाशीच बरी होती? बघूया."

बघूया. अख्खं आवार त्यांना बघूया साहेब म्हणतं. नाव मी ठेवलेलं नाही, पण ठेवलं असतं तर हेच ठेवलं असतं.

४ मार्च, बुधवार

काल रागाच्या भरात अर्धवट लिहिलं. अर्धवट मला चालत नाही. आज नीट मांडतो.

काम असं: रुग्णालयाच्या नव्या इमारतीच्या छतावर हवा थंड करणारी यंत्रं चढवायची. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे हत्तीच. त्यासाठी जुनी धुलाईची इमारत पाडून आवार मोकळं केलं आणि तिथे आमची क्रेन उभी राहिली. तिचा ओझं उचलणारा लांब हात म्हणजे बूम. क्रेन चालवतो मौनी. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर नवल. ओझं त्याला केबिनमधून कधी दिसतं, कधी भिंतीआड जातं. त्याला दिसतात ते माझे हात. अंगठा वर — उचल. तळवा खाली — उतरव. मूठ — धरून ठेव. दोन्ही हात आडवे पसरून झाडल्यासारखे — थांब, आहे तिथे थांब. आजवर माझ्या हाताचं एक बोट इकडचं तिकडे झालेलं नाही. शाळा सातवीत सुटली. पट्टे किती कोनात बांधायचे, कुठल्या वजनाला कुठला तारेचा दोर, हे मी स्वतः शिकलो — जुन्या पुस्तकांतली चित्रं बघून आणि इंजिनियर लोकांच्या चुका बघून. दुसरी शाळा जास्त मोठी होती!

पुढच्या आठवड्यात मुख्य कचेरीतून मोठे साहेब येणार. ते बोलतात इंग्रजीत. आम्ही काही सांगितलं की बघूया साहेब ते इंग्रजीत करून सांगतात, आणि त्यांच्या तोंडून ते असं बाहेर पडतं की आमची तक्रार म्हणजे जणू सुट्टीचा अर्ज. या वेळी माझं मी बोलणार. इंग्रजीत.

लेक घरी पुढच्या खोलीत मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवते. तिला म्हटलं, ज्याच्याने कधी काही ठरत नाही, त्याला इंग्रजीत काय म्हणतात? पुस्तकी नको. टपरीवर उभं राहून बोलतात तसलं सांग.

"कुणासाठी हवंय?"

"तुला काय करायचंय!"

हसली. म्हणाली, रोज देईन. पण वाक्यात नीट वापरता आला तरच पुढचा.

५ मार्च

पहिला शब्द — डिदर. अर्थ: ठरवायची वेळ आली की कावरंबावरं होऊन घुटमळणं. शांतपणे विचार करणं म्हणजे डिदर नव्हे. पाय जागचे हलत नाहीत आणि जीव मात्र खालीवर होतोय, ते डिदर. "स्टॉप डिदरिंग!" हे तोंडावर म्हणायचं ते घरच्या माणसाला. वरच्याविषयी बोलायचं तर पाठीमागे — "ही डिदर्स."

वाक्य केलं: बघूया साहेब डिदर्स अबाउट द क्रेन. लेक म्हणाली, बरोबर.

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि चपलांच्या दुकानात तुम्ही करता ते काय? मागच्या खेपेला तुमचा जोड ठरेपर्यंत दुकानदाराचे केस पांढरे झाले!"

त्याला चोखंदळपणा म्हणतात. ते वेगळं.

६ मार्च, शुक्रवार

दुसरा शब्द — वॅफल. यात तोंड चालत राहतं, मुद्दा मात्र कुठेच पोचत नाही. नमुना आज सकाळीच मिळाला, फुकटात: "वाऱ्याचं म्हणाल तर तसं ठीक आहे, पण तसं बघितलं तर जमीनही बघायला हवी, म्हणजे आत्ताच्या आत्ता असं नाही, पण—" हा संपूर्ण वॅफल! मी मनातल्या मनात आभार मानले.

क्रेन शेवटी फाटकाशीच. पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे, केसाच्या जाडीएवढा. पुढच्या डाव्या पायाखाली पातळ फळी सरकवली. मधोमध आला.

७ मार्च, शनिवार

आज लहान यंत्र चढवलं. छान चाललं होतं. ओझं दुसऱ्या मजल्याच्या वर गेलं, आणि बघूया साहेब मागून धावत आले, दोन्ही हात हलवत. थांब! मौनीने थांबवलं, पण झटक्यात. ओझं पाळण्यासारखं झुललं, परांचीला लागलं, वरची एक नळी खणखणत खाली आली. कुणाच्या डोक्यात पडली नाही, नशीब.

का थांबवलं? तर म्हणे, क्रेनचा पुढचा डावा पाय हलल्यासारखा वाटला.

"हलला का?"

"नक्की सांगता येत नाही. वाटलं."

वाटलं! वाटण्यावर क्रेन उभी राहत नाही.

नंतर मौनीला केबिनमधून खाली बोलावलं. नियम मला पाठ आहे. उचलायची, फिरवायची खूण एकाच माणसाने द्यायची. पण थांबची खूण कुणीही देऊ शकतं, झाडूवाल्यानेसुद्धा, आणि ऑपरेटरने थांबलंच पाहिजे. नियम चांगला आहे. पण तो करणाऱ्याला बघूया साहेब भेटले नव्हते! जो माणूस उठल्यासुटल्या थांब म्हणतो, त्याच्या थांबला किंमत काय? मौनीला सांगितलं, "यापुढे तुझे डोळे माझ्या हातांवर. दुसऱ्या कुणाचा हात हलताना दिसला, तर तो वारा समज."

"हो, उस्ताद."

दोनच शब्द, पण लोखंडात कोरल्यासारखे. माणूस असावा तर असा.

८ मार्च, रविवार

मौनीच्या आईचा पुन्हा निरोप — पोरीचं काय ठरलं? स्थळ मी सुचवून महिने झाले. भिजत घोंगडं पडलंय. लेकीला विचारलं तर, "बाबा, अजून ठरलं नाही."

"आजचा शब्द कुठला?"

"सिट ऑन द फेन्स." म्हणजे दोन्हीकडचे लोक ओढतायत आणि हा मधे कुंपणावर बसलाय, एक पाय इकडे, एक तिकडे. आपलं तळ्यात-मळ्यात. लेक म्हणाली, हा शब्द ज्याला बाजू घ्यायला हवी आणि घेत नाही त्याला लागतो. मी तिच्यावरच वाक्य केलं — माय डॉटर इज सिटिंग ऑन द फेन्स!

तिला हसू आलं नाही. "तो चांगला आहे, बाबा. मनाने तर फारच. पण मी त्याला विचारलं, लग्नानंतर माझे वर्ग चालू ठेवायचे का, तुला काय वाटतं? म्हणाला, उस्ताद म्हणतील तसं. विचारलं, राहायचं कुठे? उस्ताद म्हणतील तसं. मला त्याचीच भीती वाटते. तो आपणहून कधी थांबायचा नाही."

हल्लीच्या पोरींना ऐकणारा नवराही चालत नाही!

९ मार्च

बुडबुडा पुन्हा डावीकडे. फळी बदलली. नवं लाकूड सुरुवातीला दबतंच.

१० मार्च, मंगळवार

विशी-वॉशी. हा माणसालाही लागतो, उत्तरालाही. पाणी जास्त झालेल्या चहासारखं उत्तर — अ विशी-वॉशी आन्सर. लेकीने बजावलं, हा शब्द ठासून म्हणायचा, चाचरत म्हटला तर आपणच विशी-वॉशी वाटतो. म्हणून आरशासमोर म्हणून बघितला. ही दारात येऊन उभी. "दाढ दुखतेय का?"

त्याच्याच जोडीला शिली-शॅली. आज करू, उद्या करू, असं करू, तसं करू. लहान मुलांच्या खेळातल्यासारखा शब्द आहे, म्हणून मोठ्या माणसाला जास्त झोंबतो. आणि फ्लिप-फ्लॉप — काल एक, आज बरोबर त्याच्या उलट. लेक म्हणाली, हा पुढाऱ्यांना फार वापरतात. म्हटलं, आमच्याकडे पुढारी नाही, पण माल तोच आहे.

क्रेनच्या डाव्या पायाशी ओल दिसतेय. ताटाएवढी. पाऊस नाही, आवारात नळ नाही. पुसून घेतली. दुपारी परत. रुग्णालयाच्या नळवाल्याला सांगितलं. "बघतो," म्हणाला. हाही त्याच शाळेतला!

वेल्डरच्या हातून तिथेच पाना पडला. फरशी घुमली, हंड्यावर पडल्यासारखी. आवार मोकळं झालंय, आवाज घुमणारच.

निघताना बघितलं तर ओल परातीएवढी.

११ मार्च, बुधवार

झालं! क्रमाने लिहितो.

लांब टेबल. मधे मोठे साहेब, त्यांच्या उजव्या हाताला बघूया साहेब, कागदांची गुंडाळी कवटाळून. मला दाराशी खुर्ची ठेवली होती, मी मुद्दाम समोर जाऊन बसलो. बघूया साहेबांनी सुरुवात केली — मोठं यंत्र चढवण्याआधी आवाराची जमीन खोदून बघावी म्हणे. धुलाईच्या इमारतीचा जुना नकाशा कुणाकडे मिळत नाही, खाली काय आहे कळत नाही. मोठ्या साहेबांनी विचारलं, किती दिवस लागतील? "चार... कदाचित आठ. किंवा मग मागच्या बाजूने चढवता येईल. पण तिकडे केबल आहेत. म्हणजे दोन्हीकडे तसं—" आणि घसा खाकरला. मग पुन्हा खाकरला. याला हेमिंग अँड हॉइंग म्हणतात. सकाळीच शिकून गेलो होतो, आणि समोर जिवंत उदाहरण!

मी उभा राहिलो. "सर, मे आय?" आणि मग एकेक काढला. ही डिदर्स. ही वॅफल्स. वन डे गेट साइड, वन डे बॅक साइड — फ्लिप-फ्लॉप. वी आस्क, ही गिव्ज विशी-वॉशी आन्सर. एव्हरी डे शिली-शॅली, अँड द क्रेन इज वेटिंग.

मोठे साहेब खो खो हसले! टेबलावर थाप! ते हसले म्हटल्यावर सगळेच हसले. "वेअर डिड यू फाइंड धिस मॅन?" — हे माझ्याबद्दल. बघूया साहेबही हसले, पण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

निर्णय तिथल्या तिथे. खोदाई नाही. मोठं यंत्र येत्या मंगळवारी. आणि उचलताना शेवटचा शब्द माझा. इंजिनियरने फक्त बघायचं.

बाहेर आल्यावर वेल्डर म्हणाला, "घ्या! बघूया साहेबांना शेवटी बघायचंच काम मिळालं!" आवारभर हशा.

एकदाही अडखळलो नाही. वडील आज असते तर —

१२ मार्च, गुरुवार

बघूया साहेब सकाळी एकटेच आले. वाटलं, भांडणार. म्हणाले, "उस्ताद, इंग्रजी छान झालंय तुमचं. फ्लिप-फ्लॉप तर अगदी बरोबर बसला." टोमणा कुठे आहे ते शोधलं. सापडला नाही.

मग क्रेनच्या डाव्या पायाशी उकिडवे बसले. ओलीवर तळहात ठेवला. "बाकीची फरशी पोळतेय. एवढीच जागा थंड आहे."

"ओल आहे. थंड असणारच."

"हो, तसंच असेल. पण ओल कुठून?"

"नळवाल्याला सांगितलंय."

"हो." बराच वेळ हात तिथेच. "मला ठाम सांगता आलं असतं तर कालच सांगितलं असतं. इथे खाली काय आहे ते मला माहीत नाही, उस्ताद. तुम्हाला आहे का?"

मी म्हटलं, "माझं काम जमिनीच्या वरचं."

१३ मार्च

लेकीला सभेची हकिकत सांगितली. वाटलं, टाळ्या वाजवेल. ती फळा पुसत होती, पुसायची थांबली. "हे सगळे तुम्ही एकाच माणसाला म्हणालात? त्याच्यासमोर? सगळ्यांत?"

"मग शिकवलेस कशाला?"

"बाबा, एखादा शब्द थट्टेत खपतो. सगळे एकदम लावले की तो माणूसच पुसला जातो." मग म्हणाली, "आणि हे सगळे बाहेरून बघणाऱ्याचे शब्द आहेत. जो घुटमळतोय त्याच्या आत काय चाललंय, ते यातला एकही सांगत नाही."

मग शेवटचा दिला. इन टू माइंड्स. आय ॲम इन टू माइंड्स. मनं दोन आहेत आणि माणूस दोघांचंही ऐकतोय. यात शिवी नाही. शक्यतो स्वतःबद्दलच म्हणायचा. "मी हीच आहे सध्या," म्हणाली. "कुंपणावर बिंपणावर नाही. करा वाक्य."

मला सुचेना. ज्याचा उपयोग नाही ते सुचणार कसं? लिहून ठेवलाय, एवढंच.

१४ मार्च, शनिवार

बुडबुडा डावीकडे. आता फळी नाही, सरळ जाड ठोकळाच घातला. ओल ठोकळ्याखाली गेली. आता दिसत नाही.

१६ मार्च, सोमवार

उद्याची तयारी. पट्टे एकेक हाताने चाचपले, शिवण न् शिवण. तारेच्या दोरावरून कापूस फिरवला — एखादी तार तुटलेली असली तर कापूस अडकतो. कुठे अडकला नाही. आकड्याची कडी, तिची पिन, सगळं दोनदा. जे जे लोखंडाचं आणि कापडाचं आहे, त्याची जबाबदारी मी डोळे मिटून घेतो.

सगळं आवरल्यावर मौनी जवळ येऊन उभा राहिला. बोलायचं असलं की तो असाच उभा राहतो.

"काय रे?"

"केबिनमध्ये बसलं की खालून आवाज येतो."

"इंजिनाचा असेल."

"इंजिन बंद असताना. रांजणात पाणी हलल्यासारखा."

एका दमात एवढं बोललेला मी त्याला पहिल्यांदाच ऐकला! म्हटलं, "तुलाही बघूया साहेबांची लागण झाली की काय?"

"नाही, उस्ताद."

गेला. चार पावलांवरून वळला. "उद्या उचलायचं ना?"

म्हटलं, "उचलायचं."

१७ मार्च, सकाळी

आज. वारा नाही, आभाळ स्वच्छ. नवे हातमोजे काढलेत, पिवळे — मौनीला लांबून ठळक दिसावेत म्हणून.

१८ मार्च

मौनी श्वास घेतोय. आज एवढंच.

१९ मार्च, गुरुवार

लिहायला हवं. क्रम चुकता कामा नये.

मंगळवारी साहेबांनी सकाळी आल्या आल्या आवार रिकामं करवलं. रुग्णांचे नातेवाईक, झाडूवाल्या, वेल्डर, सगळे दोरीच्या बाहेर. हुकूम द्यायचा अधिकार त्यांना उरला नव्हता, तरी. मी म्हटलं, "साहेब, कोंबड्या हाकलताय का?" ते हाकलत राहिले.

यंत्र जमिनीवरून सुटलं. पट्टे सगळे सारखे ताणलेले. मी अंगठा वर केला, मौनीने घेतलं, लोण्यातून सुरी जावी तसं. पहिला मजला. दुसरा. मी फिरवायची खूण दिली. बूम डावीकडे वळू लागली. म्हणजे भार पुढच्या डाव्या पायावर येऊ लागला.

तेव्हा साहेब दोरी ओलांडून पुढे आले. दोन्ही हात आडवे. थांब. घुटमळणं नाही, खाकरणं नाही. कोपर सरळ, तळवे खाली, पुस्तकातल्या चित्रासारखे हात. इतकी स्वच्छ खूण या आवारात माझ्याखेरीज कुणी दिलेली मी पाहिलेली नाही. ओरडतही होते, पण इंजिनाच्या आवाजात ओरडणं पोचत नाही. हातच पोचतात.

मीही लगेच थांबची खूण केली. लगेच.

मग फरशी गेली. तडकली नाही, फुटली नाही. बसलेल्या माणसाखालचा पाट कुणी काढून घ्यावा तशी गेली. ठोकळा, फळ्या, पाय, सगळं आत. क्रेन हळूहळू झुकली. इतकी हळू की वाटलं, थांबेल. यंत्र रिकाम्या आवारात पडलं, जिथे नातेवाईक रोज डबे उघडून बसतात तिथेच. केबिन भिंतीवर आपटली. मौनीला पत्रा कापून बाहेर काढलं.

फरशीखाली धुलाईची जुनी टाकी होती. जवळजवळ आवारभर. वर नुसती लादी. आत अजून पाणी होतं.

लेक मंगळवारपासून रुग्णालयातच आहे. घरी ये म्हटलं तर म्हणाली, "मी ठरवलंय, बाबा." काय ठरवलंय ते विचारलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

मोठे साहेब स्वतः घरी आले. लेकीचे विद्यार्थी बसतात त्या बाकावर बसले. उद्या चौकशीचे अधिकारी येणार आहेत. कंपनीचं म्हणणं असं की जमिनीची शंका इंजिनियरला होती, आणि तरीही त्याने वेळेवर ठामपणे काम थांबवलं नाही. गुन्हा त्याच्यावर दाखल होईल. मला फक्त बोलायचंय. "जस्ट टेल देम व्हॉट यू टोल्ड अस. युवर वर्ड्स. ही डिदर्स, ही वॅफल्स." हसले. या वेळी टेबलावर थाप नाही.

मी म्हटलं, "सर, ॲट लास्ट ही गेव्ह स्टॉप."

"टू लेट." मग माझ्याकडे नीट बघितलं. "यू गेव्ह इट ॲट वन्स. राइट?"

"येस, सर."

"गुड." उठताना म्हणाले, सुपरवायझरची जागा लवकरच रिकामी होईल.

ते गेल्यावर हिने त्यांचा न प्यायलेला चहा मोरीत ओतला. "त्या साहेबांना आत टाकतील?"

"टाकू शकतात."

"पोरं लहान आहेत ना त्यांची?"

मी उद्यासाठी शर्ट काढायला कपाट उघडलं. बराच वेळ ते उघडंच राहिलं.

२१ मार्च, शनिवार

सकाळी आधी रुग्णालयात गेलो. मौनी शुद्धीवर आलाय. तोंडात नळी, बोलता येत नाही. उशाशी लेक. मी विचारलं, "माझा हात दिसला नाही का रे? मी थांब दिलं होतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग चादरीवरून दोन्ही हात उचलले, आडवे केले. लेकीने विचारलं, "हे साहेबांचे?" त्याने पापण्या मिटल्या — हो. मग बोट माझ्याकडे केलं. आणि दोन्ही हात छातीपर्यंत आणून तिथेच ठेवले. ना वर, ना खाली, ना मूठ, ना तळवा. बोटं अर्धी मिटलेली, थरथरत. आमच्या कामात अशी खूण नाही. पण ते माझेच हात होते, मी ओळखले.

खाली घेईना. मी सांगायची वाट बघत होता. मी तळवा खाली केला, तेव्हा टेकवले.

आता चौकशीला निघालोय. मोठे साहेब दाराशी उभे असतील. शब्द एकही नेत नाही. आधी साहेबांचे हात करून दाखवीन. मग माझे.